राजाच्या रानात हसायला बंदी

आमचे हे नागपूरच्या बसस्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायचे. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती उशिरा येणार, कोणाचं पोरगं हरवलं आणि ते ऑफिसात बसून बिस्किट खाऊन राहिलं, सगळं ह्यांच्याच तोंडून लोकांना कळायचं. माईक नसला तरी आवाज तोच. घरात चहा मागितला की शेजारीण खिडकीतून विचारायची, "झाला का वं चहा? केव्हाचे मागून राहिले ते." नवी नवरी होते तेव्हा मी आईजवळ रडले होते, की हा माणूस माझ्यावर सारखा रागावलेला असतो. आई म्हणाली, "नाही वं, त्याचा गळाच तसा आहे." गळा तसा होता हे खरं. पण रागही होता, आणि तो फक्त जेवणावर निघायचा.

मी हिंगण्याच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या पोरांचे डबे करायची. डब्यातल्या भाजीला कोणी नाव ठेवल्याचं मला आठवत नाही. घरी मात्र पहिल्या घासालाच निकाल लागायचा. "मीठ कमी." नाही तर "मीठ जास्त." बरोबर आहे असं त्या तोंडातून कधी बाहेर पडलं नाही. मीही काही गरीब गाय नव्हते. "मग जा पारशिवनीच्या गाडीत बसून आणि तिकडंच जेवा," असं म्हणून मोकळी व्हायची. असं आमचं चाललं होतं आणि चांगलं चाललं होतं.

रिटायर झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात एका सकाळी दात घासता घासता ह्यांच्या हातातला ब्रश पडला. उजवी बाजू गेली होती. दवाखाना, सुया, मालिश, व्यायाम, सगळं झालं. पाय वळणावर आला, काठी घेऊन चालायला लागले, पण बोलणं गेलं ते गेलंच. समजत सगळं होतं. मी पेपर उलटा हातात दिला तर सुलटा करून घ्यायचे. फक्त तोंड उघडलं की "आं, आं" एवढंच निघायचं आणि मग स्वतःवरच चिडून भिंतीकडे तोंड करून बसायचे. बोलायला शिकवणारी एक मॅडम यायची. ती म्हणाली, "काकू, आवाज शाबूत आहे त्यांचा. आवाजापासून शब्दापर्यंतचा रस्ता बंद पडला आहे. काही करा, पण आवाज निघत राहू द्या."

काही करा म्हणजे काय करावं? मी भजनं लावली, क्रिकेटची मॅच लावली, त्यांच्या भावाशी फोनवर मुद्दाम खोटं भांडण केलं. हे आपले ढिम्म. शेवटी मी घरचं हत्यार काढलं. भाजीत मीठ घालणं बंद केलं. म्हटलं, बघू किती दिवस गिळतो हा माणूस. पहिल्या दिवशी बिनमिठाचं आलू-वांगं वाढलं. जेवले, ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं, झोपले. दुसऱ्या दिवशी मेथी. तेच. मी स्वयंपाकघरात जाऊन माझ्या ताटात चोरून वरून मीठ घ्यायची. लोकं देवाला बंगला मागतात, गाडी मागतात. मला एवढंच पाहिजे होतं, की ह्यांनी एकदा मान वर करून म्हणावं, मीठ नाही. त्या शब्दांसाठी माझा जीव तुटत होता, आणि हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. ऐकणारा हसला असता.

शेवटी शेजारणीनंच आम्हाला राजाच्या रानात नेलं. शहराच्या कडेला आहे ते. जुन्या काळी राजे लोकं तिथं शिकारीला यायचे म्हणून जुनी माणसं अजून तसंच म्हणतात. राजे गेले, वाघ गेले, चारी बाजूंनी कॉलन्या उभ्या राहिल्या, कोणी त्या रानात म्हशी चारल्या, कोणी काड्या वेचल्या. मग अलीकडे कुंपण घातलं, गेट लावलं, आत पायवाटा केल्या आणि राखीव जंगल म्हणून लोकांना सकाळी फिरायला मोकळं केलं. आत साग आहे, मोह आहे, पळस आहे, तेंदूची झुडपं आहेत आणि मधोमध तळं. तळ्याच्या अलीकडे दोन टेकाडांच्या मधे एक दगडी ओटा आहे. राजा म्हणे तिथं बंदूक घेऊन बसायचा आणि हाकारे पलीकडच्या अंगानं ढोल, डबे बडवत, ओरडत जनावरं त्याच्या पुढ्यात आणून सोडायचे. त्या ओट्यावर आता हास्य क्लब भरत होता.

क्लब म्हणजे आमच्याच वयाची माणसं, कानटोप्या घातलेली. जय भीम, राम राम, गुड मॉर्निंग, सगळं एकाच दमात. अध्यक्ष इतवारी बाजारातले मिरचीचे व्यापारी होते. जन्म मिरचीच्या पोत्यांत गेल्यानं त्यांचं हसणं खोकल्यानं सुरू व्हायचं आणि खोकल्यानंच संपायचं. ते "एक, दो, तीन" म्हणाले की सगळ्यांनी हात वर करून हा हा हा करायचं. मग सिंहासारखी जीभ काढून हसायचं, मग ताक घुसळल्यासारखे हात फिरवून हसायचं. पहिल्या दिवशी मला लाजच वाटली. ह्यात हसण्यासारखं काय आहे तेच मला समजेना. चांगली पोरं-सुना असलेली माणसं भल्या पहाटे जीभ काढून उभी आहेत आणि मी त्यांच्यात पदर सावरत, कोणी ओळखीचं तर पाहून नाही राहिलं ना, ह्या धास्तीत.

त्याच आठवड्यात एका सकाळी ह्यांनी डावा हात वर केला आणि हसले. आं-आं नाही. बसस्टँडचा तोच आवाज, पोटातून निघालेला, भरलेला. समोरच्या टेकाडावर आपटून परत आला. मी होते तिथंच ओट्यावर बसले. किती महिन्यांनी त्या आवाजाची भेट होत होती. अध्यक्ष म्हणाले, "भाभीजी, भाईसाब तर आपले चॅम्पियन निघाले." त्या दिवसापासून आम्ही एक सकाळ चुकवली नाही. मॅडमनं सांगितलेला आवाज रोज निघत होता. आता त्याला शब्दाचं घर सापडायला किती वेळ लागेल, एवढाच प्रश्न आहे असं मी धरून चालले.

हिवाळा लागला आणि गेटवर पाटी लागली. शांतता राखा, मोठ्याने बोलण्यास, ओरडण्यास मनाई आहे. पाटीसोबत नवी वनरक्षक आली. पारशिवनीकडची पोरगी, खाकी कपडे, घट्ट वेणी, हसू नावाला नाही. पहिल्याच सकाळी ओट्यापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे बंद करा काका."

अध्यक्षांना असं सांगणारं घरीसुद्धा कोणी नव्हतं. ते म्हणाले, "बेटी, हसणं गुन्हा आहे काय? राजाच्या टाइमले इथं ढोल वाजत, डबे वाजत, माणसं गळा फाडून ओरडत. तेव्हा कोणी पाटी नाही लावली."

"म्हणूनच तर जनावरं गेली ना काका," ती शांतपणे म्हणाली. "आता कुठं दोन-चार रोह्या फिरून आल्या होत्या. सकाळी तळ्यावर पाण्याले येत होत्या. तुमचं एक दो तीन झालं की त्या पळतात. त्याहीले काय माहीत, तुम्ही हसून राहिले का हाकारून राहिले?"

रोही म्हणजे नीलगाय. अध्यक्ष नुसते खोकले, आणि तेही रुमाल लावून.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेटबाहेर, पोह्याच्या ठेल्याजवळ उभं राहून हसायचं ठरवलं. तर्री-पोहा खाणारी पोरं प्लेट बाजूला ठेवून आमचे व्हिडिओ काढायला लागली. कुत्री भुंकायला लागली. त्यात एक ट्रक हॉर्न वाजवत गेला तो आमच्यावर हसून राहिला असंच वाटलं. हे काठीवर भार टाकून रस्त्याकडे पाहत उभे होते. तोंड उघडलं नाही. घरी येऊन मी एकटीनं त्यांच्यासमोर हात वर करून हा हा हा केलं, तर माझ्याकडे असं पाहिलं, की आता हिलाही डॉक्टरकडे न्यावं लागते.

मग अध्यक्षांनी तोड काढली. म्हणाले, हसायला बंदी नाही, आवाजाला आहे. आपण बिनआवाजाचं हसू. दुसऱ्या सकाळी सगळे ओट्यावर गोल उभे राहिले. अध्यक्षांनी तोंडानं न म्हणता बोटं दाखवली, एक, दोन, तीन, आणि सगळ्यांनी आ वासला. आता तुम्ही डोळ्यांसमोर आणा. कानटोप्या घातलेली इतकी म्हातारी माणसं, हात वर, तोंडं उघडी, आणि आवाज शून्य. कोणाची जीभ वळवळून राहिली, कोणाचं पोट. अध्यक्षांची कवळी खालच्या ओठापर्यंत आली, ती त्यांनी बोटानं परत ढकलली. माझ्या शेजारणीच्या नाकातून एकदम शिट्टीसारखं काही निघालं आणि संपलंच. इतके महिने आम्ही खोटं हसत होतो आणि आता खरं हसू आलं तर ते दाबायची वेळ आली. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. ती खाकी पोरगी पळसाच्या झाडाकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

पण हे हसले नाहीत. सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. बिनआवाजाचं तर त्यांचं आधीच सगळं होतं, त्यात नवं काय? आठवडा गेला आणि घरातली आं-आं पण कमी झाली. मग मात्र माझं डोकं सरकलं. मी गेटवर गेले आणि त्या पोरीला म्हटलं, "तुझ्या रोह्यांसाठी तू माझ्या माणसाचा आवाज बंद केला." सगळं सांगितलं. ब्रश पडला तिथून सुरू केलं. मिठाचं तेवढं सांगितलं नाही.

तिनं ऐकून घेतलं. मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मग म्हणाली, "काकू, मले लय वाईट वाटते. पण एकाले सोडलं तर उद्या लोकं ढोल घेऊन येतील. तुम्ही असं करा, रविवारी त्याहीले गेटवर आणून बसवा. तिथं काही शांतता नसते. पाहू, निघाला तर निघाला आवाज."

रविवारी गेटवर जत्राच असते. तिथून बॅटरीवरच्या गाड्या लोकांना तळ्यापर्यंत नेतात, आणि नागपूरच्या माणसाला गाडी दिसली की रांग दिसत नाही. त्या दिवशी पोरीचा घसा बसलेला होता. एका हातात शिट्टी, दुसऱ्या हातात भोंगा, आणि भोंग्यातून नुसती घरघर निघून राहिलेली. गाडी लागली तशी लोकं दोन्ही बाजूंनी चढायला लागली. एक बाई पायरीवरून पडता पडता वाचली. मी हात पुढे करून तिला धरायला गेले आणि वळून पाहते तर बाकावर हे नाहीत. काठी तेवढी बाकाला टेकलेली.

हे त्या पोरीसमोर उभे होते, डावा हात पुढे केलेला. तिनं गडबडून भोंगा त्या हातात दिला. ह्यांनी तो तोंडाला लावला, घसा खाकरला, अगदी पहिल्यासारखा, आणि म्हणाले, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. कामठी, कन्हान मार्गे पारशिवनीला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागलेली आहे. प्रवाशांनी रांगेत यावे."

कुठं अडखळणं नाही, कुठं आं नाही. पारशिवनीतलं एक अक्षर इकडचं तिकडं नाही. गर्दी जागच्या जागी थांबली. आणि मग खरंच रांग लागायला लागली. त्यातली अर्धी माणसं जन्मभर ह्या आवाजावर पळालेली असणार. एका काकांनी तर सवयीनं खिशातून रुमाल काढला आणि गाडीतल्या सीटवर टाकून जागा धरली. त्या गाडीला खिडक्या नव्हत्या, दारं नव्हती, ते स्वतः सीटच्या शेजारीच उभे होते, पण रुमाल टाकला.

खाकी पोरगी माझ्याजवळ आली. शिट्टी गळ्यात लटकत होती. बसलेल्या घशानं म्हणाली, "काकू, हा आवाज तर मले माहीत आहे. कॉलेजले होती तेव्हा दर शनिवारी ह्याच आवाजावर बॅग घेऊन धावत होती मी. गाडी लागली म्हणजे मायजवळ जायचं, एवढंच समजत होतं." तिनं बाहीनं डोळे पुसले. मी तर केव्हाची रडत होते.

बोलायला शिकवणारी मॅडम म्हणाली, पाठ झालेलं वेगळ्या खणात असतं, तो खण बऱ्याचदा वाचतो. ते आम्हाला घरी येऊन चांगलंच समजलं. चहा पाहिजे का विचारलं तर उत्तर यायचं, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे." आंघोळीला पाणी काढलं म्हटलं तर पारशिवनीची गाडी फलाट सातला लागलेली. पोरीनं त्यांना दर रविवारी गेटवर बसवलं. तळ्याला जाणारी प्रत्येक गाडी कामठी, कन्हान मार्गे पारशिवनीला जायला लागली. एका लहान पोरीनं बापाला विचारलं, "बाबा, आपण तळ्यावर चाललो ना?" बाप म्हणाला, "चूप बस, आधी जागा धर." अध्यक्षांनी सगळ्यांना जिलेबी चारली. आमच्या घरी किती दिवसांनी असं हसणं झालं.

मी खूश होते, खोटं कशाला बोलू? पण माणूस लोभी असते. ते शब्द गाडीचे होते. ते सगळ्या प्रवाशांसाठी होते, त्यात माझ्यासाठी काही नव्हतं. माझ्याकडे पाहून, मला उद्देशून, माझ्यावर चिडून असा एक शब्द अजून आला नव्हता. भाजी बिनमिठाचीच चालू ठेवली मी.

नंतर एका आडवारी, रविवारची गर्दी नसताना, आम्ही ओट्यावर होतो. थंडी मरणाची, तळ्यावर धुकं. मुकं हसणं आता सगळ्यांना चांगलं जमायला लागलं होतं. अध्यक्षांनी एक बोट दाखवलं, दुसरं दाखवलं, आणि तिसरं वर करता करता त्यांचा हात तसाच राहिला. तेंदूच्या झुडपांतून रोही बाहेर आली होती. भुरकट, मोठ्या कानांची, आणि तिच्या पायांत घोटाळणारं पिल्लू. इतक्या जवळ, की तिच्या नाकातून निघालेली वाफ दिसत होती. आम्ही सगळे आ वासून, हात वर करून उभे. तिनं आमच्याकडे पाहिलं. असली माणसं तिनं कधी पाहिली नसतील, पण पळाली नाही. मान खाली घातली आणि गवताला तोंड लावलं.

माझ्या मनगटावर हात पडला. ह्यांचा. वाकले, माझ्या कानाजवळ तोंड आणलं आणि म्हणाले, "रोही." मग थांबले. ओठ जुळवत राहिले. मग म्हणाले, "पाह्य ना वं."

हळू म्हणाले. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं मला हळू आवाजात कधी काही सांगितलं नव्हतं. प्रेमाचं बोलले असतील तेही गल्लीनं ऐकलं होतं. ज्या पाटीला मी रोज शिव्या देत होते, त्या पाटीखालच्या शांततेतून हा शब्द आला होता, आणि तो फक्त माझ्या कानासाठी होता.

आणि मी काय केलं? मी ओरडले. "बोलले, बोलले हो हे," असं दोन्ही हात हवेत फेकून ओरडले. टेकाडावरून ते परत आलं. रोही पिल्लाला घेऊन अशी उधळली, की झुडपं बंद झाली तरी पाचोळा वाजत होता. पायवाटेनं खाकी पोरगी ओठांवर बोट ठेवून धावत आली. माझं तोंड पाहिलं तिनं आणि तिचं बोट आपोआप खाली आलं.

हे माझ्याकडे पाहून राहिले होते. कपाळावर त्या जुन्या आठ्या, सगळ्याच्या सगळ्या. "काहून ओरडली वं?" म्हणाले. "पळाली ना."

मी डोळे पुसले, नाक पुसलं. क्लबचं कोणी हललं नव्हतं, हात तेवढे खाली आले होते. मी ह्यांच्या अगदी जवळ गेले आणि ह्या वेळी हळूच विचारलं, "अवो, कालच्या भाजीत मीठ कसं होतं?"

विचार करायला लागले. ओठ हलले, थांबले, परत हलले. अध्यक्षांनी खोकला दाबून धरला होता.

"नव्हतं," म्हणाले. मग काठी जमिनीवर एकदा आपटली. "रोजच नसते."